झारी, किटली आणि दिवसातला एक कप
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. माझ्या हातातला कागद हलतोय. मागच्या बाकावरून 'अजून घाबरतोस काय रे?' असं कुणीतरी म्हणालंच आहे, आवाज ओळखला मी. तर घाबरलेलो नाही. म्हणजे थोडा आहे, कारण विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात. पण हात गेली चार वर्षं असाच हलतो. का, ते पुढे येईल.

संयोजकांनी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला होता, सध्या तुम्ही कशात रमता? कुणी नातवंडं लिहिलं, कुणी शेअर बाजार, एकानं नर्मदा परिक्रमा. मी लिहिलं, किटली. दुसऱ्या दिवशी फोन आला, 'विषय नक्की काय छापू?' म्हटलं, हातानं पाणी ओतून जपानी पद्धतीची कॉफी करतात, त्यासाठी किटली कशी निवडावी. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, 'दहा मिनिटांत आवर.'

आता आपल्या रत्नागिरीत कॉफी म्हणजे काय होती, आठवा. चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. मुंबईचे काका आले की कॉफी, ताप उतरला की कॉफी, साखरपुड्याला आलेल्या मंडळींना कॉफी. पोल्सनचा डबा फडताळात वरच्या कप्प्यात. पातेल्यात दूध, साखर, पूड, आणि उतरवताना वरून जायफळ किसायचं. जायफळ मागच्या वाडीतलं, पोफळीच्या सावलीतल्या झाडाचं. त्या कॉफीला कॉफीचा वास कमी आणि जायफळाचा जास्त. पिऊन झाली की झोप यायची. कॉफीनं झोप उडते हे मला पुण्याला नोकरीला गेल्यावर कळलं.

नोकरी तुम्हाला ठाऊक आहे. ड्राफ्ट्समन. आधी बोर्ड, टी-स्क्वेअर आणि रॉट्रिंगची पेनं, मग ऑटोकॅड. १९९६ साली कंपनीनं आम्हा चौघांना तीन आठवड्यांसाठी नागोयाला पाठवलं. नागोयात सकाळची एक छान रीत आहे. जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात, त्यांना ते किस्सातेन म्हणतात, सकाळी कॉफी मागवली की तिच्याच पैशांत भाजलेला पाव आणि उकडलेलं अंडं मिळतं. आम्ही पावासाठी जायचो, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझं लक्ष मालकाच्या हाताकडे गेलं. सत्तरीचा माणूस. समोर कागदाचा शंकू, त्यात कॉफीची पूड, आणि हातात एक किटली, जिची तोटी बगळ्याच्या मानेसारखी खालून निघून वर वळलेली. त्यातून पडणारी धार सुतळीएवढी. ती तुटत नव्हती, जाड होत नव्हती, हलत नव्हती. पूड हळूहळू भाजलेल्या पावासारखी फुगायची आणि तो थांबायचा. मग पुन्हा मधून बाहेर गोल गोल. जपानी लोक म्हणतात, त्यांच्या लिपीतलं 'नो' हे अक्षर काढतो तसं ओतायचं. मला तर तळणीत जिलबी सोडणारा हलवाईच आठवला.

कॉफी काळी होती, बिनदुधाची. पहिला घोट कडू लागला. तिसऱ्या घोटाला कडूपणाच्या मागे काहीतरी गोड आहे असं वाटलं. कपाच्या तळाशी गाळ नव्हता. मी वहीत किटलीचं चित्र काढून घेतलं, बाजूचं आणि वरचं, अंदाजे मापांसकट. सवयच होती.

या पद्धतीचं मूळ मात्र जपानी नाही. १९०८ साली ड्रेस्डेनमधल्या मेलिटा बेंट्झ नावाच्या गृहिणीनं कॉफीतल्या गाळाला कंटाळून पितळी भांड्याला भोकं पाडली आणि मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. टीपकागद! आपण सगळ्यांनी ज्याची होडी केली तो. तिनं पेटंट घेतलं आणि पुढे तिच्या नावाची कंपनीच उभी राहिली. जपान्यांनी ते उचललं आणि त्यातली ओतण्याची क्रिया इतकी घासूनपुसून घेतली की आता जगभर ती त्यांचीच म्हणून ओळखतात. हारिओ ही कंपनी १९२१ साली टोकियोत सुरू झाली ती प्रयोगशाळेतली काचेची भांडी करण्यासाठी. तिचा व्ही-सिक्स्टी नावाचा शंकू आज सगळीकडे मिळतो. साठ अंशांचा कोन, म्हणून साठ. बाई, भूमितीही उपयोगी पडते बरं का.

आता मुख्य विषय. कॉफी चांगली, दळण चांगलं, कागद चांगला, मग किटलीचं एवढं काय? पाणी कशानंही ओता.

मीही तेच म्हटलं होतं. पुण्याला येऊन चहाच्या किटलीनं ओतायला लागलो. चहाच्या किटलीचं तोंड आखूड आणि रुंद, एकदम अंगठ्याएवढी धार पडते. ती पुडीत खड्डा पाडते. पाणी त्या खड्ड्यातून सरळ खाली जातं, कडेची पूड कोरडीच. मधली जास्त उकळली गेल्यासारखी कडवट, कडेची कच्ची. दोन्हींचं मिश्रण म्हणजे माझा पहिल्या दोन वर्षांचा कप. बायको म्हणायची, यापेक्षा जायफळ घाला.

आपल्याकडे मात्र बारीक धारेचं भांडं नवीन नाही. वामनाला दान देताना बळीनं उदक सोडायला घेतली ती झारी. शुक्राचार्य बारीक होऊन तिच्या तोटीत बसले, पाणी अडलं, वामनानं दर्भानं टोचलं आणि शुक्राचार्यांचा डोळा गेला. लहानपणी मला प्रश्न पडायचा, एवढ्या मोठ्या यज्ञात दुसरं भांडं नव्हतं का? आता कळतं. दानाचं पाणी बदाबदा ओतायचं नसतं, धार धरायची असते, आणि धार धरायला बारीक तोटीच लागते. पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र बघा, तेही तेच करतं. फक्त त्याला कुणाच्या हाताची गरज नाही. माझ्या दृष्टीनं तर ते फारच सोयीचं.

तोटीबद्दल तीन गोष्टी बघायच्या. तोटी किटलीच्या पोटाला कुठे जोडलीय, हे सगळ्यात आधी. ती तळाजवळून निघाली पाहिजे. बाईंनी आपल्याला जोडलेल्या नळ्यांचा प्रयोग दाखवला होता, पाणी आपली पातळी राखतं. किटलीत जेवढं वर, तेवढंच तोटीत वर. तळाजवळून निघालेल्या तोटीत पाणी आधीच भरून उभं असतं, जरा कलतं केलं की सुरू. मी पहिल्यांदा घरबसल्या मागवलेली किटली फोटोत देखणी होती, पण तोटी पोटाच्या मध्यावर जोडलेली. अर्धं पाणी संपलं की किटली जवळजवळ आडवी करावी लागायची, आणि मग एकदम भस्सकन यायचं. याच नियमाचा दुसरा भाग म्हणजे तोटीचं टोक पाण्याच्या वरच्या पातळीपेक्षा उंच हवं. किटली काठोकाठ भरून उकळलीत तर तोटीतून गरम पाणी उडतं. हाताला फोड आल्यावर हा नियम पाठ झाला.

मग तोटीचं टोक. हळू ओतलं की पाणी टोकावरून सुटून पडण्याऐवजी तोटीच्या खालच्या अंगाला चिकटून ओघळत मागे येतं. चहाची किटली वापरणाऱ्या सगळ्यांना हे माहीत आहे, टेबलक्लॉथ साक्षीदार आहेत. याला शास्त्रात खरोखरच 'टीपॉट इफेक्ट' असं नाव आहे, १९५६ साली मार्कुस राइनर नावाच्या शास्त्रज्ञानं दिलेलं. टोकाची कड पातळ आणि धारदार असली, किंचित खाली वळलेली असली, की पाणी चटकन सुटतं. कड जाड, गोल दुमडलेली असली की ओघळणार. दुकानात बोट फिरवून बघा, कळतं.

आणि जाडी. काही जपानी किटल्यांची तोटी तळाशी रुंद आणि टोकाला पेलिकन पक्ष्याच्या चोचीसारखी. जाणकार माणूस तिच्यातून थेंब थेंबही सोडतो आणि धबधबाही. पण ती मनगटातला प्रत्येक बारीक बदल पाण्याला कळवते. दुसऱ्या प्रकारची तोटी सगळीकडे बारीक, पेन्सिलीएवढी. तिच्यातून ठरावीक पाण्यापेक्षा जास्त येऊच शकत नाही. शौकीन लोक पहिलीचं कौतुक करतात. मी दुसरीच्या बाजूचा आहे, आणि याचं कारण म्हणजे हा कागद.

चार वर्षांपूर्वी सही जमेना. बँकेनं चेक परत केला. मग चहाची बशी वाजायला लागली. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, कंपवात, आणि कुणीच तो उच्चारत नव्हतं. मेंदूच्या डॉक्टरांनी हात मांडीवर ठेवायला सांगितला, तो शांत. पेला उचलायला सांगितला, तो हलायला लागला. कागदावर एक वेटोळं काढायला लावलं, मधून बाहेर. मी, ज्यानं या शाळेत इंटरमिजिएटला मुक्तहस्तचित्रात बक्षीस घेतलं आणि पुढची तीस वर्षं रेघांवर पोट भरलं, त्याचं वेटोळं करवतीच्या दात्यांसारखं आलं. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नाही, इसेन्शियल ट्रेमर. हात काम करतो तेव्हाच थरथरतो. जिवाला धोका नाही. गोळी दिली, आणि म्हणाले, चहा-कॉफी सोडलीत तर बरं. काहींचा थरथराट त्यानं वाढतो.

मी विचारलं, दिवसाला एक कप? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, एक.

आता मला सांगा, आयुष्यात दिवसाला एकच कप उरला असेल, तर तो इन्स्टंटचा प्यायचा? पण तो नीट करायचा तर धार धरायची, आणि धार धरायची तर हात हलतो. असा तो पेच. मुलगी म्हणाली, बाबा, मशीन घेऊ या. चांगली मशीनं आहेत, तीही पाणी फवारतात. मी ऐकलं नाही. ओतणं सोडलं असतं तर सही आधीच गेली होती, मग रांगोळीत ठिपके द्यायला बायको बोलवायची तेही गेलं असतं. कुठेतरी पाय रोवायचा होता, तो मी किटलीवर रोवला.

आधी तांब्याची करून घ्यायचं डोक्यात आलं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, मठारकामाबद्दल नावाजलेली. तिकडे जपानात निईगाता प्रांतात त्सुबामे नावाचं गाव आहे, तिथेही अगदी असंच, तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून एकसंध किटली उठवतात. मी १९९६ चं चित्र घेऊन तांबट आळीत गेलो. कारागिरानं चित्र उलटसुलट करून पाहिलं, चित्राचं कौतुक केलं, आणि एकच प्रश्न विचारला, 'आतून कल्हई कशी करणार?' तांब्याला आतून कथलाची कल्हई हवी. भांडं तापवून, नवसागर टाकून, कथील कापसाच्या बोळ्यानं पुसत फिरवायचं. रुंद पोटात बोळा जाईल, या वाकड्या बारीक तोटीत कुठवर जाणार? तीस वर्षं मी लोकांना 'हे बनवता येईल का ते आधी बघा' असं सांगत आलो आणि माझ्याच चित्रात तेच बघितलं नव्हतं. शिवाय कथील २३२ अंशांना वितळतं. एकदा किटली रिकामी गॅसवर विसरलो की कल्हई गेली. विसरण्याचंही वय आहे आता. तांबं बाद.

मग एनॅमलची पांढरी किटली. दिसायला फार गोड. पुण्यात चालली असती. इथे राहायला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कानाजवळ टवका उडाला, आणि आपल्या खाऱ्या वाऱ्यानं त्या टवक्यात गंज धरला. भाट्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी लोखंडावर मुलामा असलेलं काहीही घेऊ नये, खिडकीचे गज काय आणि किटली काय.

विजेची, तापमान दाखवणारी किटलीही पाहिली. पाणी हवं त्या अंशाला आणून ठेवते, चांगली वस्तू आहे. पण तिचा तळ जड, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज कधी असते ते सांगायला नको. मी गॅसवर उकळतो, पाणी दुसऱ्या भांड्यात उकळून किटलीत ओततो. त्या ओतण्यातच ते थोडं निवतं आणि गडद भाजलेल्या कॉफीला मानवतं. फार उकळतं पाणी गडद कॉफीला कडूजहर करतं.

म्हणजे उरलं स्टेनलेस स्टील. इंडक्शनची शेगडी असेल तर लोहचुंबक घेऊन दुकानात जा, तळाला चिकटला तरच चालणार. दुकानदार हसतो, हसू दे.

आता हाताचं. मला वाटायचं, थरथरत्या हाताला हलकी किटली बरी. उलटं निघालं, निदान माझ्या बाबतीत. हलकी किटली हाताबरोबर नाचते. थोडं वजन असलं की हात जरा दबतो. फार वजन झालं की थकतो आणि जास्त हलतो. मधला बिंदू शोधायला मी आपल्या जुन्या दगडी पाटीचा उपयोग केला. होय, पाटी अजून आहे, चौकटीचा एक कोपरा गेलाय. ती अंगणात ठेवायची आणि किटलीनं तिच्यावर पाण्याचं वर्तुळ काढायचं. ओली रेघ खोटं बोलत नाही. तीनशे मिलिलिटर पाणी, पाचशे, सातशे, असं रोज. माझ्या हाताला पाचशे जमलं. म्हणून साधारण आठशे मिलिलिटरची किटली घेतली. कपाला लागतं सव्वादोनशे, पंधरा ग्रॅम पुडीला. बाकीचं पाणी हाताला धरून ठेवण्यासाठी. ते नंतर कप विसळायला जातं, वाया जात नाही.

दांडा दोन्ही टोकांना पोटाशी जोडलेला घ्या. खालचं टोक मोकळं असलेला दांडा दिसायला सुबक, पण त्यात दुसऱ्या हाताचं बोट अडकवता येत नाही. मी डावा हात फडक्यासकट दांड्याच्या खालच्या टोकाशी लावतो. कोपर ओट्यावर टेकत नाही, कारण ओटा फार उंच. मग शंकूच खाली आणला. आता मी खाली बसतो, कप आणि शंकू पाटावर. बायको म्हणते, पूजेलाच बसलायत.

आणि एक गोष्ट मला कुठल्याही किटलीबरोबर आलेल्या पत्रकात मिळाली नाही. पाटीवरच्या दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात आठवली. चित्रकलेचे सर फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढायचे. आम्ही मनगट फिरवून काढायला गेलो की मागून येऊन मनगट घट्ट धरायचे आणि म्हणायचे, 'इथून नको. खांद्यातून.' मनगट धरून ठेवलं, कोपरही, आणि हात खांद्यातून फिरवला, तर माझी थरथर निम्मी होते. जात नाही, निम्मी होते. पाटीवरचं वर्तुळ करवतीचं राहिलं नाही, जरा वेडंवाकडं, कुणी लहान मुलानं काढल्यासारखं झालं. मला ते चालतं.

सर, तुम्ही समोर आहात म्हणून सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगितलं.

पहिलं पाणी फक्त पूड भिजेल एवढंच टाकायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. या थांबण्याला जपानीत 'मुराशी' म्हणतात, भाताची वाफ मुरू देतात त्यालाही तेच. आपलं 'मुरणं' आणि त्यांचं 'मुराशी' यांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग, पण मला रोज मजा वाटते. त्या अर्ध्या मिनिटात मी हात मांडीवर ठेवतो. मांडीवर तो अगदी शांत असतो. मग पुन्हा उचलतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. किटली मी बरोबर आणलीय. मागच्या स्वयंपाकघरात पाणी ठेवायला सांगितलं आहे, पूड चिकमगळूरच्या दाण्यांची, काल संध्याकाळी दळलेली. एका वेळी एकच कप होतो, तीन-साडेतीन मिनिटं लागतात, त्यामुळे सगळ्यांना मिळणार नाही, रांग लावून भांडू नका. ज्यांना जायफळाची हवी त्यांच्यासाठी बायकोनं पातेलंभर वेगळी केलीय, आणि माझा अंदाज आहे, तीच आधी संपेल. पहिला कप सरांचा. सर, बशी खाली ठेवून घ्या, थोडी सांडेल.